चित्रकार धुरंधर : आपल्या घरांचे चितारी

आपल्या जालन्याच्या भगिनींना अजिंठा काही परका नाही. शेजारच्या जिल्ह्यातली ती लेणी आपल्यापैकी पुष्कळजणींनी मुलाबाळांसह पाहिली असतील. त्या भिंतींवर राण्यांच्या बरोबरीने दासींनाही जागा मिळाली आहे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली त्या चित्रांच्या नकला केल्या. पुढे याच ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली महादेव विश्वनाथ धुरंधर तयार झाले.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरास झाला. १८९० साली ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथील शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीचे होते. माणूस समोर बसवून रेखाटायचा, शरीराची ठेवण अभ्यासायची, छायाप्रकाश पारखायचा. या शिस्तीत त्यांचा हात घडला. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

असली चित्रकला विलायती आहे, असा आक्षेप त्या काळी बंगालमधील नव्या विचाराचे कलावंत घेत असत. परंतु धुरंधरांची रीत विलायती असली, तरी नजर आपल्या अंगणातच होती. नऊवारी लुगड्याचा काचा, नाकातील नथ, डोक्यावरचा पदर, बाजारहाट करणाऱ्या बायका, लग्नघरातील गर्दी, हे सारे त्यांनी आस्थेने टिपले. एरवी कोणी ढुंकूनही पाहिले नसते, अशा कष्टकरी स्त्रीलाही त्यांनी राणीइतकीच मन लावून रंगवली. त्यांची चित्रे छापील पोस्टकार्डांवरून गावोगाव गेली. आपल्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या किंकेड साहेबांनी १९१४ साली इंग्रजीत आणल्या, त्या पुस्तकाला चित्रे धुरंधरांचीच आहेत. रॉथफेल्ड यांच्या हिंदी स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथातही त्यांनी प्रांतोप्रांतीच्या स्त्रिया रंगविल्या.

पण आम्हा स्त्रियांना त्यांची एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. स्त्रीला चित्रात बसविणारे चित्रकार पुष्कळ होऊन गेले; धुरंधरांनी आपल्या लेकीच्या हाती कुंचलाही दिला. मुलींनी कलाशाळेत जाणे दुर्मीळ होते, अशा दिवसांत अंबिकाबाई तेथे शिकल्या आणि १९३१ साली पदविका घेऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षी धुरंधर एकेचाळीस वर्षांनी कलाशाळेतून निवृत्त झाले. १ जून १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. अंबिकाबाई २००९ पर्यंत हयात होत्या. वडिलांनी दिलेला वारसा त्यांनी जन्मभर सांभाळला.

आपल्याही घरी एखादी चिमुरडी वहीच्या मागच्या पानावर आईचे चित्र काढीत असेल. वही वाया घालवलीस, असे म्हणून तिच्यावर डाफरण्यापूर्वी क्षणभर ते चित्र निरखून पाहावे. धुरंधरांचे स्मरण करायचे, तर ते असे करावे.