केडगावच्या मळ्यातील पंडिता

भगिनींनो, स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले की आपली नजर सहज लांब जाते. जिजाऊ, अहिल्याबाई, झाशीची राणी यांच्या कथा आपण मुलांना झोपविताना सांगितल्या आहेत, आणि त्या पुन्हा लिहिल्या तरी गोडच लागतील. पण या खेपेला फार लांब जावयाचे नाही. तुळापूरला इंद्रायणीला घेऊन आलेली भीमा आपल्या कोरेगावावरून पुढे जाते, रांजणगाव सांडसापाशी मुळा-मुठेला पोटात घेते आणि मग शिरूर व दौंड या दोन तालुक्यांची शीव होऊन वाहते. ती शीव पारगावाशी ओलांडली की केडगाव येते. तेथील माळावर एका बाईने शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लावली, आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे तेथे काढली आणि त्यांतील सुमारे सतरा वर्षे एकच ग्रंथ लिहिण्यात घालविली. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. पुण्याहून दौंडाकडे आगगाडीने जाताना केडगावचे स्टेशन आपल्यापैकी कित्येकींनी पाहिले असेल. उतरून आत गेलेल्या मात्र थोड्याच.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, आणि तोही रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवितात हे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते, आणि आपणही पत्नीला शिकवावयाचे हे तेव्हापासून त्यांच्या मनात बसले. लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकविण्यास आरंभ करताच भाऊबंदांनी व शास्त्रीमंडळींनी गिल्ला केला. तेव्हा हा गृहस्थ पत्नीला घेऊन सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या जंगलात जाऊन राहिला. तेथे त्यांनी घर बांधले, विद्यार्थी जमविले आणि लक्ष्मीबाईंना संस्कृतात निष्णात केले. पण यात्रेकरू, पाहुणे आणि विद्यार्थी यांच्या खर्चाखाली घर कर्जात बुडाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना त्यांना टोपलीत घालून हे कुटुंब डोंगर उतरले ते कायमचेच. पुढे वर्षानुवर्षे तीर्थयात्रा, देवळांतून पुराणे सांगणे आणि त्यावर मिळेल त्यात निर्वाह. रमाबाईंना संस्कृत शिकविले ते आईने, आणि तेही वाटचालीत. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत.

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. त्यात अनंतशास्त्री गेले, लक्ष्मीबाई गेल्या, थोरली बहीणही गेली. भीक मागावयाची लाज आणि मोलमजुरीची सवय नाही, अशा घरात उपासमार कशी शिरते हे रमाबाईंनी सोळाव्या वर्षी पाहिले. केडगावची पुढची हकीकत समजावयाची तर हा दुष्काळ लक्षात ठेवावा लागतो.

भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या हजारो मैल पायी हिंडल्या. 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढचा काळ भराभर सांगते. 1880 मध्ये भाऊ वारला; त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी, जातीचा निर्बंध झुगारून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तेथे व्याख्याने दिली, इंग्रजीतून पुस्तक लिहिले. त्यातून बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली व तिने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी म्हणून आपण त्यांना ओळखतो.

सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले, आणि 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती केले जाते असा आरोप झाला. केसरीने रान उठविले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही संस्थेशी संबंध तोडला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणात सारा दोष एका बाजूस टाकणे मला तरी योग्य वाटत नाही. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे लोकांनी धरले होते, आणि रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली बसत होत्या, हे खरे. पण ज्या बालविधवांना घरात बसावयास कोपरा नव्हता त्यांना पुस्तक देणारी दुसरी जागा त्या वेळी पुण्यात कोणती होती, याचे उत्तर पुण्याजवळही नव्हते.

या सुमारासच केडगावची जमीन घेतली गेली. त्यामागे एकांताची हौस नव्हती, हिशेब होता. अमेरिकेच्या मदतीचा दहा वर्षांचा वायदा 1898 मध्ये संपणार, पुढे मुलींनी खावयाचे काय? तेव्हा फळबाग करावी, तिच्या उत्पन्नावर सदन चालावे. म्हणून आंबा, संत्री, लिंबू लावली. दौंडकडचा तो माळ म्हणजे पावसाची वाट पाहत बसण्याचा मुलूख. तेथे बाग धरावयाची तर आधी विहीर. ज्या बाईचा जन्म शास्त्र्यांच्या घरचा आणि ज्ञान व्याकरणाचे, तिने मोट, पाट, खत, मजूर यांचा संसार मांडला.

बाग हाताशी येण्यापूर्वीच 1896-97 चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात मुली रस्त्यावर पडल्या आहेत ही बातमी कळताच रमाबाई तिकडे गेल्या. सोळाव्या वर्षीचे सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले असणार. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. इकडे पुण्यात प्लेग. अधिकाऱ्यांनी शहरात इतक्या मुली ठेवू दिल्या नाहीत. तेव्हा मुली केडगावच्या मळ्यात आल्या आणि तात्पुरत्या निवाऱ्याखाली राहू लागल्या. त्याचेच पुढे मुक्तिसदन झाले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुलींचा आणि स्त्रियांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. आपल्याकडे लग्नकार्यात दोनशे पाने उठावयाची तर आपण दोन दिवस आधीपासून कंबर कसतो. येथे रोज दोन वेळा दोन हजार पाने, आणि जेवणाऱ्यांत निम्म्या हाडांचे सापळे होऊन आलेल्या. शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, शाळा सारे मळ्यातच उभे राहिले. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकवीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निराळे होते. छापखानाही निघाला, खिळे जुळविण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंत मुलीच काम करू लागल्या.

आणि या गजबजाटात 1905 च्या सुमारास, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, रमाबाईंनी सबंध बायबल मूळ भाषांतून मराठीत उतरविण्यास घेतले. मराठीत बायबल नव्हते असे नाही. ते होते, पण पंडितांच्या साहाय्याने झालेले, संस्कृत शब्दांनी जड झालेले. मळ्यातील मुली मध्यप्रांतातल्या, गुजरातेतल्या, खेड्यापाड्यांतल्या. मराठी त्यांतल्या कित्येकींना येथे येऊन शिकावी लागलेली. त्यांना ते समजेना. शिवाय आपल्या धर्मग्रंथांतील शब्द तेथे वापरले की अर्थ भलतीकडेच जातो, असेही रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी जुन्या करारासाठी इब्री आणि नव्या करारासाठी ग्रीक अभ्यासली आणि शब्दाला शब्द तोलीत, साध्या बोलीतील मराठी शोधीत काम सुरू केले. मला या साऱ्या चरित्रात हा भाग सर्वांत अधिक हलवितो. संस्कृताच्या बळावर जिने कलकत्त्याच्या विद्वानांकडून सरस्वती ही पदवी मिळविली, तिने आपल्या लेखणीतून संस्कृत एकेक शब्द करून काढावयास घेतले, तेही ज्यांना कालपर्यंत अक्षरओळख नव्हती त्या मुलींसाठी. जे ओठावर सहज येते ते टाकून द्यावयाचे आणि चुलीपाशी बोलला जाणारा शब्द धुंडाळावयाचा, हे पंडिताला सोपे नसते.

कुठल्याही घरात बाईमाणसाने चार ओळी लिहावयास बसावे तर दूध उतू जाते. मग दोन हजारांच्या घरात रमाबाईंना वेळ कोठून मिळाला? एक तर त्यांनी बाहेरचे जग सोडले. व्याख्याने, दौरे थांबले. ज्या पुण्याने त्यांना एकदा डोक्यावर घेतले होते त्याच्याशी येणेजाणे उरले नाही. वृत्तपत्रांत त्यांचे नाव दिसेनासे झाले आणि रमाबाई संपल्या असेही लोक म्हणू लागले. उतारवयात ऐकू येणे कमी झाले होते. पांढरे साधे वस्त्र, कापलेले केस आणि पुढ्यात तीन लिप्यांची पुस्तके, असे त्यांचे ते दिवस.

दुसरे कारण मनोरमाबाई. लहानपणी आईबरोबर इंग्लंड, पुढे अमेरिकेत शिक्षण, मग येथे बी.ए.; पण मन सगळे मुक्तीत. शाळा, पत्रव्यवहार, आंधळ्यांचे वर्ग, पाहुणे, अडीअडचणी यांचा भार मुलीने उचलला म्हणून आईला लिहावयास बसता आले. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा निघाली तिचाही भार मनोरमाबाईंवरच होता. ग्रंथावर नाव एकीचे असते. पण त्या सतरा वर्षांतला पुष्कळ वेळ मनोरमाबाईंनी आपल्या आयुष्यातून काढून दिला असे मी म्हणेन. त्यांची प्रकृती मुळातच नाजूक. 1921 च्या जुलैत मिरजेच्या रुग्णालयात, चाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. संस्था जिच्या हाती सोपवावयाची ती अशी आधीच गेली. त्या वेळी रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, काम शेवटच्या टप्प्यात होते आणि मुद्रिते तपासावयाची राहिली होती.

त्या पुन्हा बसल्या. मुक्तीत असे सांगतात की शेवटचे दुखणे आले तेव्हा त्यांनी देवाजवळ आणखी दहा दिवस मागून घेतले, त्या दिवसांत उरलेली मुद्रिते तपासून संपविली आणि त्याच रात्री झोपेत गेल्या. दिवस मोजून कोणी पाहिले असतील नसतील. पण 5 एप्रिल 1922 रोजी त्या केडगावीच वारल्या आणि त्यांच्यामागे काम अपुरे राहिले नाही, एवढे निश्चित.

हा अनुवाद पुढे फारसा पसरला नाही. ख्रिस्ती मंडळ्यांत जुनेच भाषांतर चालू राहिले. मुळाशी प्रामाणिक राहण्याच्या हट्टापायी काही वाक्ये अवघडली, असे जाणकार म्हणतात. महाराष्ट्रालाही रमाबाईंची आठवण उशिराच झाली. देवदत्त नारायण टिळकांनी लिहिलेले त्यांचे सविस्तर मराठी चरित्र 1960 मध्ये आले, आणि त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघावयास 1989 साल उजाडले. केडगावची संस्था मात्र चालू राहिली.

संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये त्याच मळ्यातील छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, फर्मे छापणाऱ्या, पाने शिवून पुठ्ठा चढविणाऱ्या साऱ्या तेथल्या स्त्रियाच होत्या.