तीर्थरक्षक वीरचंद राघवजी गांधी

श्री. वीरचंदभाईंचा जन्म दि. २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये ते बी. ए. झाले व लवकरच जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीस बनले.

त्या काळी पालिताणा संस्थान शत्रुंजयाच्या प्रत्येक यात्रेकरूकडून दोन रुपये कर घेई. वीरचंदभाईंनी गव्हर्नर लॉर्ड रे व पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्यापुढे समाजाची बाजू मांडली. १८८६ मध्ये करार होऊन डोईपट्टी बंद झाली. त्याऐवजी समाजाने ४० वर्षे दरसाल १५,००० रुपये द्यावेत असे ठरले. एकेकाळी जकात नाक्यावर तिष्ठलेल्या आपणा व्यापाऱ्यांना याचे मर्म सहज कळेल. रक्कम द्यावी लागलीच. मात्र गरीब भाविकाच्या डोक्यावरील ओझे सर्व समाजाने वाटून घेतले.

पुढे सम्मेद शिखरजीवरील चरबीच्या कारखान्याविरुद्धच्या खटल्यासाठी त्यांनी कलकत्त्यास सहा महिने राहून बंगाली आत्मसात केली व जुनी कागदपत्रे स्वतः अभ्यासली. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत त्यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले.

दि. ७ ऑगस्ट १९०१ रोजी, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अभ्यासाने तीर्थ राखणाऱ्या या धर्मवीरास सुवर्णमहोत्सवी वर्षात विनम्र अभिवादन!