ज्याची जशी ऐपत

वाघोलीत आता शेत शोधावे लागते. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेले, त्याच्या कितीतरी आधीच नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या होत्या. पण मी बँकेत नोकरीला होतो तेव्हा इथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांचे सातबारे कर्जप्रकरणांबरोबर माझ्या टेबलावर येत. सातबाऱ्यावर ‘आकार’ नावाची एक नोंद असते. जमिनीचा सारा तिथे रुपये-पैशांत लिहिलेला. पाऊस पडला की नाही, हे त्या नोंदीला ठाऊक नसते. त्याच टेबलावर कंपन्यांचे ताळेबंदही येत. नफा झाला तर त्यावर कर. तोटा झाला तर कर तर नाहीच, उलट तो तोटा पुढच्या नफ्यातून वजा करून घेण्याची सोय. हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले की मला बाबासाहेब आंबेडकर आठवत.

बाबासाहेब म्हणजे राज्यघटना आणि चवदार तळे, एवढेच आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असते. पण हा माणूस मुळात अर्थशास्त्राचा, त्यातही सरकारी जमाखर्चाचा अभ्यासक होता. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना गुरू भेटले ते एडविन सेलिग्मन, करशास्त्रातले त्या काळचे मोठे नाव. कराचा बोजा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पडावा, या विचाराचे ते पुरस्कर्ते. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना १९१७ साली परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली, शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी स्नेह्याने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

१९२५ साली त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव महाराजांना. विषय वरवर रूक्ष: १८३३ पासून १९२१ पर्यंत केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली. आधी प्रांतांना ठरावीक रक्कम तोडून देत, १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी नेमून दिल्या, १८८२ पासून उत्पन्नात वाटेकरी केले. पण या आकड्यांमागे एक प्रश्न सतत जागा असतो. कर कोणाच्या खिशातून येतो, आणि तो खर्च करणारा कोणाला जबाबदार असतो?

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले आणि अंदाजपत्रकावरच्या चर्चेत त्यांनी हा प्रश्न थेट सरकारपुढे ठेवला. त्या वेळी दोन हजार रुपयांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नावर प्राप्तिकर नव्हता. शेतकऱ्याला मात्र एक एकर असो की शंभर, सारा चुकत नव्हता. पीक बुडाले तरी तो भरायचाच, आणि दर जहागीरदाराला जो तोच एकरवाल्याला. उत्पन्न नसेल तर कर नाही, हे तत्त्व व्यापाऱ्याला लागू आणि कुणब्याला नाही, हा अन्याय त्यांनी नेमका दाखवला.

राज्यघटना लिहिताना हाच अभ्यास कामी आला. कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही, हे कलम २६५. केंद्र आणि राज्ये यांच्यातल्या वाटणीचा दर पाच वर्षांनी विचार करणारा वित्त आयोग, हे कलम २८०. मात्र एक गोष्ट मला नेहमी टोचते. कंपन्यांवरचा कर, म्हणजे निगम कर, राज्यांबरोबरच्या वाटणीतून बाहेर राहिला. १९३५ च्या कायद्यातही तो केंद्राकडेच होता. नलिनी रंजन सरकार यांच्या तज्ज्ञ समितीने त्यातही प्रांतांना वाटा द्यावा असे सुचवले होते. पण फाळणीनंतरच्या त्या अस्थिर दिवसांत मसुदा समितीने चालत आलेली व्यवस्था मोडली नाही. समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. प्रांतांच्या परावलंबनाचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांच्याच हातून हे झाले. मी याला चूक म्हणणार नाही. पण त्याची किंमत राज्यांनी मोजली. १९५९ साली कायद्यात बदल होऊन कंपन्या भरत असलेला प्राप्तिकरही निगम करात धरला जाऊ लागला आणि वाटणीची थैली आणखी हलकी झाली. राज्यांची ही तक्रार दूर व्हायला २००० सालची ८० वी घटनादुरुस्ती यावी लागली.

आता निगम करातही राज्यांचा वाटा आहे. म्हणूनच २०१९ साली सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा दर २२ टक्क्यांवर आला, तेव्हा झळ राज्यांच्या तिजोरीलाही लागली. उलट केंद्राने अधिभार किंवा उपकर बसवला, तर त्यातला पैसा वाटणीत येत नाही. बाबासाहेबांचा प्रश्न अशा रीतीने अजून जागाच आहे.

त्यांना स्वतःला अर्थखाते कधी मिळाले नाही. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी हिंदू कोड बिलाबरोबर हीही खंत मांडली होती, की नियोजनाचे खाते देऊ असे सांगूनही ते दिले गेले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. लंडनची डी. एस्सी. मिळवलेला, रुपयावर आणि करांवर ग्रंथ लिहिणारा हा माणूस देशाचे एकही अंदाजपत्रक मांडू शकला नाही.

निवृत्त झालो तरी वाघोलीच्या रस्त्याने जाताना मला ते दोन कागद आठवतात. ती शेते गेली, त्यांच्या जागी कंपन्यांची कार्यालये आणि आमच्यासारख्यांचे फ्लॅट आले. कर सगळेच भरतो. एक काडेपेटी घेतली तरी मजूर आणि कारखानदार सारखाच कर देतात. ऐपतीचा हिशेब तिथे कोण करतो, हे विचारायला १९२७ सालचे ते सभासद आज सभागृहात नाहीत. ते आता आपणच विचारायला हवे.