शंखांचा पारखी

पॅरिस शहर समुद्रापासून दूर आहे. तरीही त्याच्या आसपासची जमीन खणली असता शंख-शिंपले सापडतात, तेही समुद्रातले! हे शंख नेमके कोणत्या प्राण्यांचे, याचा पद्धतशीर शोध जाँ बाप्तिस्त लामार्क यांनी घेतला.

लामार्क यांचा जन्म १७४४ साली उत्तर फ्रान्समधील एका खेड्यात झाला. अकरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. तरुणपणी ते सैन्यात होते. पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळून त्यांनी चांगले नाव मिळविले. १७९३ साली पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात कीटक व कृमी हा विषय शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. वनस्पतींत रमलेल्या माणसाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर असा विषय पत्करावा, हे धाडसच म्हणावयाचे! त्या काळी गांडूळ, गोगलगाय, पोवळे असे नाना प्राणी 'कृमी' या एकाच नावाखाली कोंबलेले असत.

लामार्क एकेक शंख हाती घेत. त्याचे वेढे कसे आहेत, मुख गोल की तिरपे, पाठीवर रेषा आहेत की गाठी, हे ते बारकाईने पाहत. मग जिवंत प्राण्यांच्या शंखांशी ते त्याची तुलना करीत. १८०४ साली त्यांनी अशाच एका जीवाश्म गोगलगायीला नाव दिले. तिचा मनोऱ्यासारखा निमुळता शंख दीड फुटाहूनही मोठा वाढे आणि त्याच्या वेढ्यांवर टपोऱ्या गाठींची ओळ असे. मुखाच्या घडणीवरून लामार्क यांनी तिला 'सेरिथियम' या कुळात बसविले व 'जायगँटियम', म्हणजे प्रचंड, असे म्हटले. पुढील संशोधकांनी तिचे कुळ बदलून 'कँपानिली' केले. परंतु 'जायगँटियम' हे नाव कायम राहिले. ही गोगलगाय सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार, उथळ समुद्रात राहत असे. त्या कुळातील एकच जाती आज जिवंत आहे, आणि तीही दूर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर.

पुष्कळ जीवाश्म आजच्या शंखांसारखे दिसत. पण हुबेहूब तसे नसत. यावरून जाती हळूहळू बदलत जातात, असे लामार्क यांचे मत दृढ झाले व १८०९ सालच्या ग्रंथात त्यांनी ते सविस्तर मांडले. हा बदल कसा घडतो याचे त्यांचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. जाती बदलतात, हे मात्र खरे ठरले.

बारीक रेषा निरखणारे त्यांचे डोळे उतारवयात पार गेले. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ अजून अपुरा होता. तेव्हा ते तोंडाने सांगत व त्यांची मुलगी लिहून घेई. अशा रीतीने १८२२ साली सातवा खंड पुरा झाला. १८२९ साली दारिद्र्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्याचा आज मागमूस नाही. त्यांनी जमविलेले शंख मात्र हस्ते परहस्ते स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरी पोहोचले, आणि तेथील संग्रहालयात ते जतन करून ठेवलेले आहेत.