मेंदूचा ब्रेक दाखवणारे सेचेनोव्ह

मिरगीचा झटका आला की भातकुलीत काय अन् अमरावतीत काय, कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतंच. त्यानं काही होत नाही. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, बस. झटक्यात मेंदूतल्या पेशी एकदम भडकतात. त्यांना आवरणारा ब्रेक कमी पडतो. असा ब्रेक मेंदूत आहे, हे प्रयोगानं दाखवलं रशियाच्या इव्हान सेचेनोव्ह यांनी.

जन्म १८२९ चा, खेड्यातला. आधी लष्करात इंजिनिअर, मग ते सोडून मॉस्कोत डॉक्टरकी. (फिल्ड बदलायला घाबरणाऱ्यांनो, वाचताय ना?) १८६२ मध्ये पॅरिसला क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी बेडूक घेतला, मेंदूचा पुढचा भाग काढला आणि पाय सौम्य आम्लात बुडवला. बेडूक पाय झटकन ओढायचा. उरलेल्या मेंदूवर मिठाचा खडा ठेवला, की ओढायला उशीर लागायचा. मीठ धुतलं की पुन्हा पहिल्यासारखं! म्हणजे मेंदू नुसता हुकूम सोडत नाही, आवरतोही.

१८६६ मध्ये त्यांचं पुस्तक सरकारनं जप्त केलं, पण खटला टिकला नाही. १९०५ मध्ये ते गेले.

पुढे २००६ मध्ये एससीएन१ए जनुक बिघडवलेल्या उंदरांत दिसलं, की ड्रावे या लहान मुलांच्या अपस्मारात आवरणाऱ्या पेशीच लुळ्या पडतात. म्हणून सोडियमचा मार्ग अडवणारी फिटची काही नेहमीची औषधं या मुलांचे झटके उलट वाढवतात.