सरस्वतीबाईंचे दागिने

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला पुरस्कार आठवतो आणि ३ मे १९१३ ही तारीख आठवते. त्या दिवशी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मला मात्र त्यांच्या चरित्रात पैशाचीच गोष्ट जास्त दिसली.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा माणूस छायाचित्रकार झाला, मग छापखान्यात शिरला आणि चाळिशीच्या सुमारास भागीदाराशी न पटल्याने मोकळ्या हाताने बाहेर पडला. अशा वेळी त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला नि झपाटल्यासारखे झाले. चित्रपट पाहून पाहून, जागरणे करून काही काळ दृष्टी गेली. ती परत आल्यावर विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. परत आल्यावर भांडवल मिळेना. वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी छोटी फिल्म करून त्यांनी लोकांची खात्री पटविली, तरी पैसा पुरेना. शेवटी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

बाईंनी ते हसतमुखाने दिले, असे सगळे लिहितात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या फीसाठी आईने बोरमाळ गहाण ठेवली, तेव्हा आठ दिवस ती नि वडील एकमेकांशी धड बोलले नाहीत. रागावण्यासारखे कोणी काही केले नव्हते. म्हणून हसतमुखाने हा शब्द आला की मी थबकते. त्या रात्री नवराबायकोत काय बोलणे झाले, हे लिहिणाऱ्याला कसे कळावे?

दागिने देऊन बाई सुटल्या नाहीत. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत आणि रात्री अंधारात फिल्मला भोके पाडीत. तारामतीचे काम करायला बाई मिळेना. ते हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने केले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सत्यापायी बायकामुलाला विकणाऱ्या राजाची ही कथा सरस्वतीबाईंनी पडद्यावर पाहिली असेल, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल?

पुढे पैसा आला. १९१७ च्या ‘लंकादहन’ने इतकी कमाई केली, की नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. १९१८ मध्ये मुंबईच्या धनिकांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि खर्चावरून खटके उडू लागले. ज्या माणसाने कर्जाच्या डोंगराखाली हाय खाल्ली नाही, तो भरभराटीत उबगला आणि कंपनी सोडून काशीला गेला. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते परतले, पण पूर्वीची घडी बसली नाही. बोलपट आले; १९३७ चा ‘गंगावतरण’ त्यांचा अखेरचा.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या धंद्यात दुसरेच लोक श्रीमंत झाले होते. सरस्वतीबाईंचे दागिने सुटले का, हे मी अजून शोधते आहे.