मागाहून आलेला गोलंदाज



द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण दर तीन वर्षांनी रविवारच्या मिस्सामध्ये ऐकतो. दिवस मावळताना आलेल्यांनाही पुरी मजुरी मिळाली, हे आपल्याला मनातून फारसे पटत नाही. त्या दाखल्यावर विचार करताना आम्हाला हटकून एका अमेरिकन बेसबॉल खेळाडूची आठवण होते. त्याचे नाव हॉइट विल्हेम.

आपल्याकडे घरोघरी क्रिकेट, म्हणून थोडा खुलासा. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. षटक संपले म्हणून त्याच्या हातातला चेंडू दुसऱ्याकडे जात नाही. तो थकला किंवा त्याला मार बसू लागला, की त्याला बाहेर काढतात आणि त्या सामन्यात तो पुन्हा चेंडू टाकू शकत नाही. त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर. पुष्कळदा तो येतो तेव्हा प्रतिपक्षाचे खेळाडू धाव काढायला टपून उभेच असतात. दुसऱ्याने अडचणीत आणलेला डाव त्याने सावरायचा, आणि विजयाची नोंद मात्र बऱ्याचदा आधीच्याच्या नावावर. आम्हा धर्मगुरूंना हे नवे नाही. बदली होऊन नव्या धर्मग्रामात जावे, तर अर्धवट सभागृह, त्याचे कर्ज आणि आधीच्या फादरांनी दिलेला शब्द आपली वाट पाहत असतात.

विल्हेमचा जन्म नॉर्थ कॅरोलिनातील हंटर्सव्हिल येथे २६ जुलै १९२२ रोजी कुळाने शेती करणाऱ्या मोठ्या कुटुंबात झाला. (नोंदीत बराच काळ १९२३ साल होते. बाप्तिस्म्याचा दाखला काढायला आमच्याकडे येणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.) त्याच्या चेंडूला वेग नव्हता. शाळेत असताना वर्तमानपत्रात डच लिओनार्ड या पिचरच्या नकलबॉलविषयी वाचून तो टेनिसच्या चेंडूवर सराव करू लागला. नकलबॉल म्हणजे बोटांच्या टोकांनी धरून, जवळजवळ फिरकी न देता सोडलेला चेंडू. तो हवेत कसाही डुलतो. कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कार्यकारणभावावर आम्ही पानेच्या पाने लिहिली, पण इतके चांगले उदाहरण तेव्हा सुचले नव्हते.

१९४२ साली तो मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवरच्या स्पर्धांत, मूर्सव्हिल या लहान गावाच्या संघातून खेळू लागला. मग युद्ध आले. बल्जच्या लढाईत तो जखमी झाला. लोखंडाचा तुकडा अंगात घेऊनच तो पुढे आयुष्यभर खेळला. १९४६ साली परतला तो पुन्हा मूर्सव्हिललाच. नंतर जॅक्सनव्हिल, मिनियापोलिस. मायनर लीगमध्येच सात मोसम गेले.

१९५२ साली न्यूयॉर्क जायंट्सने त्याला मेजर लीगमध्ये घेतले तेव्हा तो २९ वर्षांचा होता. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी त्याला रिलीफ पिचर केले. त्या मोसमात तो ७१ सामन्यांत उतरला, १५ विजय त्याच्या नावावर लागले आणि पराभव फक्त ३. पहिल्यांदा बॅट हाती घेतली तेव्हा त्याने होमरनही मारला! पुढे २१ मोसमांत दुसरा काही जमला नाही.

पण नकलबॉल झेलणाऱ्या कॅचरचे फार हाल होत. विल्हेम एकूण नऊ संघांतून फिरला. १९५८ साली क्लीव्हलँडने त्याला सोडले आणि तो बाल्टिमोरला गेला. २० सप्टेंबर १९५८ रोजी तेथे त्याला सुरुवातीपासून चेंडू टाकायला मिळाला. बलाढ्य न्यूयॉर्क यँकीजला त्याने एकही हिट मारू दिली नाही. सामना १-० असा सुटला, आणि ती एकमेव धाव त्याचे चेंडू झेलून बेजार झालेल्या कॅचर गस ट्रायँडोसच्या होमरनची! १९६० साली व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी कॅचरसाठी खास मोठा हातमोजा करवून घेतला.

१९७१ साली, वयाच्या पन्नाशीजवळ, त्याला काही काळ पुन्हा मायनर लीगमध्ये पाठवण्यात आले. तो गेला, खेळला आणि परत वर आला. पन्नास पुरी व्हायला सोळा दिवस असताना, १० जुलै १९७२ रोजी, तो शेवटचा सामना खेळला. तो त्याचा १,०७० वा सामना होता.

१९८५ साली, आठव्या खेपेला, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. हा मान मिळालेला तो पहिला रिलीफ पिचर. २३ ऑगस्ट २००२ रोजी फ्लोरिडात त्याचे निधन झाले. यँकीजला पुन्हा तसे रोखायला ४५ वर्षे लागली. २००३ साली ह्यूस्टनच्या संघाने ते केले, पण त्यांना सहा पिचर लागले. पहिला दुखापतीमुळे लवकर बाहेर गेला. उरलेले पाचही मागाहून आलेले.